चुंबकमुक्त परिसर

डॉ. बापूसो मगदूम पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख होते आणि मी इतिहासाचा. कॉलेजात जागेची बोंब असल्यामुळे आम्हा दोघांना मिळून एकच खोली होती. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, तेही वरून उघडं. त्यामुळे पुढं जे सांगतोय त्यातलं निम्मं मी त्या प्लायवूडवरून ऐकलेलं आहे आणि उरलेलं डोळ्यांनी पाहिलेलं.

मगदूम सर मूळचे शिरोळकडचे. घरची मळ्याची शेती, अंगापिंडानं धिप्पाड, आवाज भारदस्त. शिकवायचे चांगलं, ते नाकारता येणार नाही. पण प्राध्यापक म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. फोन उचलला की म्हणायचे, "शास्त्रज्ञ मगदूम बोलतोय." समोरून बहुतेक वेळा गॅसवाला असायचा.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करायला स्नेहल हजारे नावाची मुलगी होती. कबनूरची. घरी चार माग, त्यांतले दोन बंद. लॅबमधलं सगळं काम ती करायची आणि चिडली की तोंडावर बोलायची, म्हणून सर तिला जरा बिचकून असायचे.

काम असं होतं. जस्ताच्या क्षाराचं द्रावण करायचं, त्यात किंचित कोबाल्ट मिसळायचं आणि तापलेल्या काचपट्टीवर अत्तर मारल्यासारखा त्याचा फवारा मारायचा. पाणी उडून जातं आणि काचेवर झिंक ऑक्साइडचा थर बसतो. थर म्हणजे इतका पातळ, की त्याच्यापुढं दुधावरची साय गोधडी वाटावी. कोबाल्ट नसलं तर काच कोरीच दिसते, असलं तर फिकट हिरवी होते. ह्या मिसळण्याला त्यांच्यात डोपिंग म्हणतात. आमच्या संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह दादा एकदा लॅब बघायला आले होते, तेव्हा सरांनी त्यांना हे समजावून सांगितलं.

"म्हंजे भेसळ की!" दादा म्हणाले. "काय कायदा म्हणायचा ह्यो! दुधात केली तर माणूस आत जातोय आन् काचंत केली तर डॉक्टर हुतोय."

सर हसले. अध्यक्षांच्या विनोदाला आमच्याकडं सगळेच हसतात.

ही भेसळ कशासाठी, तर जगभरच्या लोकांना म्हणे असा पदार्थ हवा आहे जो काचेसारखा पारदर्शक असेल आणि लोखंडासारखा चुंबकही होईल. तसा सापडला तर कॉम्प्युटरचं नशीब पालटेल. कोबाल्ट मिसळल्यावर ते जमतं, असं काही जण म्हणतात, काही जण नाही म्हणतात. सर आधीपासूनच 'जमतं' वाल्यांत होते.

आमच्याकडं चुंबकत्व मोजायचं यंत्र नव्हतं. स्नेहल काचपट्टीचे तुकडे करून पुण्याला एका संस्थेत पाठवायची. तिथून आलेख यायचा. त्या आलेखात एक रेघ जाते आणि एक परत येते. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर काही नाही. दोघींच्या मध्ये पोट दिसलं तर पदार्थ चुंबक. एका सकाळी आलेख आला आणि सरांना पोट दिसलं.

"इतिहासवाले!" पार्टिशनवरून डोकं काढून ते ओरडले. "लिहून ठेवा आजची तारीख. तुमच्या विषयात येणार ही."

त्यांच्यात पेपर म्हणतात तो शोधनिबंध भराभर छापून आला. त्यावर तीन नावं होती. पहिलं मगदूम सरांचं. दुसरं राजवर्धनचं, म्हणजे दादांच्या चिरंजीवांचं, ज्यांनी ती काच एकदा उन्हात धरून "भारी दिसतीय" असं मत दिलं होतं. तिसरं स्नेहलचं, आणि त्यात 'हजारे'चं स्पेलिंग चुकलेलं.

स्नेहलला मात्र ते पोट पचत नव्हतं. कोबाल्ट दुप्पट केलं तरी पोट तेवढंच, निम्मं केलं तरी तेवढंच. कापडात डाग दिसला तर सुताला शिव्या द्यायच्या आधी माग तपासायचा, एवढं तिला घरातूनच ठाऊक होतं. सुट्टीनंतर एका दुपारी पार्टिशनपलीकडं मला तिचा आवाज ऐकू आला.

"सर, ह्या वेळी मी एक कोरी काच पाठवलेली पुण्याला. फवारा न मारता. नुसती काच."

"बरं मग?"

"तिला पण पोट आलंय."

मग सरांचा आवाज एकदम खुलला. "काय सांगतेस! म्हणजे नुसत्या काचेत पण? स्नेहल, अगं हा आपला दुसरा पेपर झाला की!"

"सर, काच चुंबक नसते."

"आपल्याकडची असंल."

"सर, ऐकून तरी घ्या. आपला चिमटा स्टीलचा हाय. काच उचलताना कडेला घासतो, तिथं त्याचा कण राहतो. डोळ्याला दिसत न्हाई, पण यंत्राला दिसतो. मी प्लॅस्टिकच्या चिमट्यानं धरून फिल्म केली. हिरवा रंग तोच, थर तोच. चुंबकत्व न्हाई. आपण मोजलं ते चिमट्याचं चुंबकत्व."

खुर्ची करकरली. सर उठून दाराकडं गेले असावेत, कारण कडी लागल्याचा आवाज आला. पार्टिशन वरून उघडं आहे हे ते विसरले.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग असं कर." सर आवाज खाली आणून म्हणाले. "स्टीलच्या चिमट्यानंच धरत जा की. आतापर्यंत काय अडलं होतं का?"

थोड्या वेळानं स्नेहल माझ्या बाजूला येऊन बसली. मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. ती म्हणाली, "सर, तुमच्या विषयात असं होतं का?"

मी म्हटलं, "आमच्यात चिमटेच जास्त असतात."

ती हसली नाही. पण ती रडणारीही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं सरांशी सरळ सौदा केला. प्रबंधात ती प्रकाशाचं काम लिहिणार, म्हणजे कोबाल्ट वाढलं की थर कोणता रंग किती शोषतो, वगैरे. ते सगळं खरं होतं आणि चांगलंही होतं. एका प्रकरणात लिहिणार की तिच्या फिल्ममध्ये चुंबकत्व आढळलं नाही. सरांच्या पेपरबद्दल ती तोंड उघडणार नाही आणि सरांनी तिच्या प्रबंधावर मुकाट सही करायची. सरांनी विचार केला, की प्रबंध वाचतो कोण. सही कबूल झाली.

इकडं पेपरची बातमी राजवर्धननं वर्तमानपत्रात दिली आणि कॉलेजच्या चौकात फ्लेक्स लागला. 'काचेत चुंबक भरणारा कोल्हापूरचा ढाण्या शास्त्रज्ञ'. सरांचा फोटो लहान, दादांचा मोठा, राजवर्धनचा गॉगल घालून. संस्थेच्या मैदानावर सत्कार ठरला. आदल्या दिवशी दादांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. सूत्रसंचालन माझ्या गळ्यात असल्यामुळं मीही तिथं होतो.

"डॉक्टर, उद्या कार्यक्रमात टाचणी चिकटवून दाखवा," दादा म्हणाले.

"दादा, त्याचं काय आहे, हे चुंबकत्व फार सूक्ष्म असतं. यंत्रावरच..."

"सूक्ष्म आसंल तर मोठं करा. लोकं भाषणाला येत न्हाईत, डॉक्टर. टाचणी चिकटली पायजे."

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता. मला म्हणाले, "टाचणीला कळायचंच नाही हो ते." मी म्हटलं, "मग तसं सांगा की दादांना." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना रंकाळा तलावात उडी मारायला सांगितलं होतं.

सत्काराला गर्दी झाली, कारण नंतर जेवण होतं. शाल झाली, नारळ झाला. मग स्नेहल ताट घेऊन स्टेजवर आली. ताटावर लाल मखमल, मखमलीवर हिरवी काचपट्टी. ती चालताना जरा वाकली होती. पुढं मला म्हणाली, "ताट हातात घेतलं तेव्हाच कळलं. एका काचपट्टीचं एवढं वजन?" मखमलीखाली सरांनी जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवलं होतं.

दादांनी टाचणी काचेवर सोडली. टाचणी उभी राहिली.

मैदानात शिट्ट्या पडल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून पाया पडायला आला. कुणाच्या, हे त्याचं त्यालाही ठरवता येईना. शेवटी तो ताटाच्या पाया पडला. सर गर्दीकडं बघून हात जोडत होते. सुरुवातीला त्यांचा चेहरा पडला होता. पण टाळ्या थांबेनात तसा तो हळूहळू फुलत गेला. स्टेजवरून उतरताना मी बघितलं, तो माणूस खरोखर खूश होता. मला वाटतं, तेवढ्या वेळात ते चुंबक त्यांच्या मनातूनही झाकलं गेलं.

दादांनी माईक घेतला. "आमच्या केबिनच्या खिडकीला हीच काच बसणार! मंत्री आला, कलेक्टर आला, तर त्याच्यादेखत टाचणी लावून दावतो. डॉक्टर, दिवाळीच्या आत!"

फवाऱ्याच्या त्या यंत्रावर बिस्किटाएवढी काच होत असे. खिडकी दरवाज्याएवढी होती. सरांनी पंधरवडाभर दाढी केली नाही. शेवटी त्यांनी गाडीच्या काचांना लावतात ती हिरवी फिल्म आणली. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून फ्रीजच्या दाराच्या कडेची चुंबकाची पट्टी मिळवली. काचेला फिल्म आणि चौकटीच्या आत चारी बाजूंनी पट्टी, वरून लाकडी फळी. काम स्वतः उभं राहून करून घेतलं आणि सुताराला सांगितलं, हे गुपित संरक्षण खात्याचं आहे.

टाचणी कडेला चिकटायची. दादा खूश. मग एक दिवस त्यांनी विचारलंच, "डॉक्टर, मधी का चिकटत न्हाई?"

"दादा, चुंबकाचा जोर टोकांनाच असतो. पाचवीच्या पुस्तकात दिलंय."

"आस्सं व्हय," म्हणून दादांनी मान हलवली. त्या सगळ्या कामात एवढं एकच वाक्य खरं होतं आणि तेच नेमकं उपयोगी पडलं. सरांच्या नावानं संशोधन केंद्र मंजूर झालं आणि पुढचे प्राचार्य तेच, असं शिपायापर्यंत सगळे बोलू लागले.

दरम्यान स्नेहलची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांना आधी दादांच्या केबिनमध्ये नेऊन खिडकी दाखवली आणि मग जेवायला घातलं. त्यांनी खिडकीकडं बघितलं, चौकटीकडं बघितलं, आणि "वा" म्हणाले. परीक्षेत मात्र त्यांनी स्नेहलला सोडलं नाही.

"तुमच्या मार्गदर्शकांना चुंबकत्व मिळालं, तुम्हाला का मिळालं नाही?"

स्नेहलनं सरांकडं बघितलं. सर पंख्याकडं बघत होते.

"माझा हात हलका हाय, सर," ती म्हणाली.

परीक्षकांनी शेरा मारला, की उमेदवारानं प्रयोगकौशल्य वाढवावं. आणि पदवी दिली. तिला नोकरी मात्र कुठं मिळाली नाही. तासावर शिकवायला ती इचलकरंजीला जाऊ लागली.

मग दादांच्या छातीत दुखलं. रात्रीत दवाखाना झाला, पेसमेकर बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं: मोबाइल खिशात छातीजवळ ठेवू नका, मोठ्या चुंबकापासून लांब राहा. दादांनी एवढंच विचारलं, "मोठं म्हंजे केवढं? खिडकीएवढं?" डॉक्टरांना वाटलं, पेशंट गमतीचा आहे. ते म्हणाले, "खिडकीएवढं असेल तर मग गावच सोडा."

दादा कॉलेजात आले ते केबिनच्या दाराशीच थांबले. खुर्ची व्हरांड्यात मागवली आणि तिथूनच ओरडले, "मगदूमांना बोलवा!"

गर्दी जमली. मी होतो, क्लार्क होते, राजवर्धन होता.

"डॉक्टर, ती खिडकी काढा. माझं यंत्र बंद पडंल."

सरांच्या तोंडाचं पाणी पळालं. काढायची म्हणजे चौकट खोलायची, चौकट खोलली की फ्रीजची पट्टी सगळ्यांपुढं बाहेर. पण मला वाटतं, त्यांना त्या क्षणी दादांची खरी भीती दिसली. बाकी काही असो, माणूस दुष्ट नव्हता. ते दादांच्या जवळ गेले.

"दादा, भिऊ नका. त्या काचेत काही नाही."

"काय न्हाई म्हंजे?"

"म्हणजे चुंबक नाही तिच्यात. गाडीची फिल्म आहे. कडेला फ्रीजच्या दाराची पट्टी घातलीय, म्हणून टाचणी चिकटते. आणि सत्काराच्या वेळी ताटात स्पीकरचं चुंबक होतं." सर थांबले. मग एकदाचं सगळंच सांगून टाकावं म्हणून म्हणाले, "मूळ फिल्ममध्येसुद्धा नव्हतं. तो चिमट्याचा कण होता. स्नेहलनं मला तेव्हाच सांगितलेलं."

सरांचे डोळे भरले होते. मी त्यांना इतकं हलकं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

दादांनी खुर्ची मागं सरकवली. मग राजवर्धनला म्हणाले, "बघितलंस? आता माझ्या जिवावर बेतलंय तर म्हणतोय चुंबकच न्हाई. केंद्र जायची भीती वाटतीया ह्याला. मला त्या खिडकीत बसवून मारणार ह्यो!"

"दादा, शपथेवर सांगतो..."

"डॉक्टर, मी सोता टाचणी लावलीया! हजार लोकांच्या म्होरं लावलीया! माझ्या डोळ्यांपेक्षा तुमचं तोंड खरं व्हय?"

"खोलून दाखवतो ना चौकट."

"हात लावू नका तिला! भडका उडंल."

सरांची बदली संस्थेच्या बिद्रीकडच्या शाखेत झाली. आदेशात कारण लिहिलं होतं, 'संस्थाध्यक्षांच्या जीविताबाबत निष्काळजीपणा'. सत्य बोलल्याबद्दल असं लिहायची सोय फॉर्मात नसावी. मी त्यांना निरोप द्यायला गेलो, तर ते प्रयोगशाळेतली स्वतःची जुनी पुस्तकं बांधत होते. "खोटं बोललो तेव्हा एवढ्या लोकांनी हात मिळवले," ते म्हणाले. "काल खरं बोललो तर शिपाई पाणी द्यायला आला नाही." मग स्वतःच हसले आणि पुस्तकांची दोरी आवळली.

खिडकी चौकटीसकट, दोर बांधून लांबून ओढून काढली गेली. पण दादांचं समाधान होईना. केबिनमध्ये नसलं तरी कॉलेजात कुठंतरी चुंबक असणारच. राजवर्धननं आदेश काढला आणि फाटकावर पाटी लागली: 'चुंबकमुक्त परिसर'. प्रयोगशाळेतली पट्टीचुंबकं, नालचुंबकं, होकायंत्रं पोत्यात भरून नेली. लायब्ररीतल्या कपाटांच्या दारांचे चुंबक उपसले, तेव्हापासून ती दारं उघडीच असतात. लाउडस्पीकर गेले, हा फायदा मात्र आम्ही मनापासून मान्य केला. पुढं तपासणीला समिती आली. समितीनं पाटी बघितली आणि अहवालात लिहिलं, की असा उपक्रम इतरत्र आढळला नाही. ते वाक्य आता माहितीपुस्तकात ठळक छापलेलं असतं.

पदार्थविज्ञानाला माणूस हवा होता. जाहिरात निघाली. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला दादा एकच प्रश्न विचारत होते. इतिहासाचा असूनही ज्येष्ठ म्हणून मी पॅनेलवर होतो. आधीच्या उमेदवारांनी आपापल्या चुंबकीय कामाची फुशारकी मारली आणि त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आलं. मग स्नेहल आली.

"तुमचा इषय काय, म्याडम?"

"काचेवरचे पातळ थर, दादा. त्यांचा रंग, प्रकाश."

"त्यात चुंबक हाय काय?"

"न्हाई."

"बघा हं. मगदूम बी न्हाईच म्हणत हुता."

स्नेहलनं पिशवीतून प्रबंध काढला, ते प्रकरण उघडलं आणि दादांपुढं ठेवलं. "विद्यापीठानं शिक्का मारून दिलंय, दादा. माझ्यात चुंबकत्व न्हाई."

दादांनी शिक्क्यावर बोट फिरवलं. "ह्याला म्हणायचं शास्त्रज्ञ," ते आम्हाला म्हणाले. "कागदावर लिहून देतीया." नेमणूक तिथंच झाली. बाहेर आल्यावर मी तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, "सर, काम खरं होतं म्हणून न्हाई मिळाली हो ही नोकरी." मी म्हटलं, "पण मिळाली." ती म्हणाली, "व्हय. माग सुरू करायचेत दोन." आणि बिद्रीला मगदूम सरांना फोन लावायला व्हरांड्याच्या टोकाला गेली.

प्लायवूडच्या पलीकडं आता ती बसते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात चुंबकत्वाचा धडा अजून आहे. तो काढायचा अधिकार दादांना नाही. प्रयोगाच्या तासाला परवा मुलामुलींची कुजबुज ऐकू आली, म्हणून मी वरून डोकावलो. स्नेहलनं स्वतःची पर्स टेबलावर ठेवली होती. पर्सच्या झाकणाला असतं ते चुंबकाचं चकचकीत बटण ती एका खिळ्याजवळ नेत होती आणि पोरं श्वास धरून बघत होती. खिळा टणकन उडून बटणाला चिकटला.

एक मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, हे परिसरात चालतं का?"

"दार लाव," स्नेहल म्हणाली. "आणि पुढच्यांनी जरा खाली बसा, मागच्यांना दिसू दे."